नाल्याकाठचा खारट दगड

फलक शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकांवर आडवा ठेवला होता आणि त्याचा रंग अजून बोटाला लागत होता. वरच्या भागात निळ्या लाटा, लाटांतून उसळणारा एक गुबगुबीत मासा आणि कडेला देवघरात शोभेल असा पांढराशुभ्र शंख. मध्ये ठळक पिवळ्या अक्षरांत लिहिले होते : ‘येथे प्राचीन समुद्र होता.’ त्याखाली पुराव्यादाखल तीन ओळी होत्या. तिसरी ओळ अशी : ‘येथील दगडाची चव आजही खारट आहे.’

मला चंद्रपूरहून शुद्धलेखन तपासण्यासाठी बोलावले होते. शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. बाकी सगळे चुकले होते.

‘वाचलं का? मंग सांग, कसा झाला?’ मंदा म्हणाली. मंदा या गावची सरपंच. त्याआधी सात वर्षे ती याच शाळेच्या तरटावर माझ्या शेजारी बसत असे.

‘मंदा, इथी समुद्र नव्हता.’

‘आता नाई, हे मले बी दिसते. तवा होता ना.’

‘तवा बी नव्हता. बोडी होती.’

बोडी म्हणजे गावोगावी असते तसले लहान तळे. ते ऐकून मंदाने पेंटरकडे पाहिले, पेंटरने फलकाकडे पाहिले, आणि दोघांनीही माझ्याकडे पाहण्याचे टाळले.

‘बोडी पाह्याले कोन थांबन वं?’ ती शेवटी म्हणाली. ‘बोडीत म्हशी बसतेत. समुद्र मनलं का कोरपन्याच्या रस्त्यानं जानाऱ्या चार गाड्या तरी थांबतीन. अन् उद्या सकाळी गुरुजीच्या हातानं उद्घाटन हाय. त्यायचं सारं आयुष्य या समुद्रात गेलं. तू सांगतं का त्यायले? मी नाई सांगत बापा.’

गुरुजींनी आम्हां दोघींना याच शाळेत शिकवले होते. शिक्षकी पेशात तीस वर्षे घालवलेल्या बाईने एका चुकीच्या फलकासमोर गप्प उभे राहावे, याचा मला मनस्वी संताप आला. तो संताप मंदावर नव्हता, पेंटरवरही नव्हता. फलकावरची तिसरी ओळ मूळची माझी होती.

शाळेच्या मागे पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, शेत आहे. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. तो धुरा ओलांडला की रस्त्याच्या पुलाशेजारी नाला येतो. नाल्याच्या काठावर खाली काळा दगड, वर काळा दगड, आणि दोहोंच्या मध्ये हातभर जाडीचा एक राखी पट्टा. त्या पट्ट्यात शंख आहेत. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही अंगठ्याएवढे. सगळे दगडाचे झालेले, पण वळण न वळण शाबूत. नांगराने वर आणलेले तुकडे शेतकरी धुऱ्यावर टाकत. धुऱ्यावर बसून शिदोरी खाणाऱ्या माणसाच्या मांडीखाली असे दोन-चार शंख नेहमीच असत आणि त्याला त्याचे काही वाटत नसे.

शनिवारी शाळा सकाळची असे आणि शेवटचा तास निरीक्षणाचा. आम्ही बारा जण उंचीनुसार रांगेत निघायचो. मी सर्वांत बुटकी म्हणून पुढे, माझ्या मागे मंदा. गुरुजींच्या हाती बांबूच्या चार कमच्यांना सुतळी बांधून केलेली चौकट असे. ती ते दगडावर ठेवत आणि म्हणत, ‘चौकटीतलं ते आपलं. चौकटीबाहेर कोनी पाहू नये.’ मग आम्ही मोजायचो. शंख किती, अख्खे किती, फुटके किती, टोक वर धरले तर तोंड कोणत्या हाताला. सुतळीला ओल्या गोणपाटाचा वास होता. गुरुजींच्या शाईच्या दौतीचे बूच उघडले की क्षणभर दुसरा कोणताच वास उरत नसे. निरीक्षणवहीचे रकाने ते स्वतः आखत, आणि निब कागदावर टेकली की आमचा गलका आपोआप थांबे.

ऋतू बदलत, रकाने बदलत नसत. श्रावणात नाल्याचे पाणी पट्ट्यावर चढे, तेव्हा धुऱ्यावरचे तुकडे मोजायचे. पायांखाली तरोटा चिरडला जाऊन हिरवट, उग्र वास उठायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातून बायकांच्या बोलण्याची गुणगुण येई आणि कोणीतरी विस्तवावर टाकलेल्या तुरीच्या शेंगा ओंजळीत देई. शंख मोजता मोजता बोटे काळी व्हायची आणि वहीवर ठसे उमटायचे, त्याबद्दल बोलणी बसायची. चैत्रात मोह गळायचा. झाडाखालचा पाचोळा जाळून साफ केलेल्या जागेवर फुले टपटप पडत आणि त्या जड, गोड वासाने डोळे मिटू लागत. दुपारी लांबच्या चुन्याच्या खाणीत सुरुंग उडे. आधी तळपायांना कळायचे, मग कानांना. पाखरे उडत, गुरुजी हातातली निब कागदावरून उचलून धरत आणि हादरा ओसरला की अक्षर पूर्ण करत.

ती खाण ज्या दगडाची होती, तो दगड खरोखर समुद्रातला होता. हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. चीड येते ती इथे.

शंखांचा थर कसा तयार होतो, हे मी माझ्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवले आहे. प्राणी मरतो, त्याचे मऊ अंग कुजते, कवच तळाशी उरते. एका कवचाने थर होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच तळावर मराव्या लागतात आणि वरून गाळ हलक्या हाताने पडत राहावा लागतो. गाळ उशिरा आला तर कवचे विरघळतात. वेळेवर आला तर टिकतात, आणि पुढे झिरपणारे पाणी त्यांच्या जागी दगड भरते. पण सर्व पाणी सारखे वागत नाही. उथळ समुद्रात वादळ आले की लाटा कवचे उचलतात, आपटतात, फोडतात, आणि ओसरताना जड एकीकडे, हलकी दुसरीकडे अशी निवडून ठेवतात. वाटीसारखे शिंपले तिथे बहुधा पालथे सापडतात, कारण वाहत्या पाण्यात पालथी वाटी स्थिर राहते. शेजारी कालवे असतात, प्रवाळ असतात. असा थर वाचता येतो. लाट किती जोराची होती, किनारा साधारण किती दूर होता, हे त्या तुकड्यांच्या ठेवणीवरून सांगता येते. आणि ज्या थरात नाजूक कवचे अखंड आहेत, लहानमोठी एकत्र आहेत, सोबत पाणवनस्पतींच्या काड्या आहेत, तिथे लाट नव्हतीच. आमच्या नाल्याकाठी अशी एक शांत बोडी होती. खालचा काळा दगड म्हणजे निवालेला लाव्हा. त्यावरच्या खोलगट जागेत पाणी साचले, गोगलगायी आल्या, वाढल्या, मेल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने झाकण घातले.

हे सर्व आमच्या वहीत होते. ‘अखंड’ या रकान्याखालचे आकडे मोठे होते, ‘फुटके’ या रकान्याखाली बहुतेक वेळा शून्य. ‘तोंड डावीकडे’ असे आम्ही पानोपानी लिहिले होते. पण त्या वहीला शेवटचा एक रकाना होता.

गुरुजींनी समुद्र पाहिला नव्हता. गावातल्या कोणीच पाहिला नव्हता. शंख म्हणजे समुद्र, एवढे मात्र सर्वांना ठाऊक होते आणि गुरुजींना ते पुराव्यानिशी हवे होते. एका शनिवारी त्यांनी नवा रकाना आखला : ‘चव’. पट्ट्यातला एक तुकडा माझ्या हाती दिला आणि म्हणाले, ‘जिभेचं टोक लाव. घाई करू नको. जे लागन ते सांग.’

त्या दिवशी माझ्या परकराच्या खिशात मिठाची पुडी होती. नाल्यापर्यंतच्या वाटेत मी आणि मंदा कच्ची चिंच मिठात बुडवून खात आलो होतो. मी दगड धरला, जीभ लावली.

‘कशी लागली?’

‘खारट,’ मी म्हणाले.

म्हणताक्षणीच मला कळले की ते मीठ माझ्या बोटांचे आहे. मी तोंड उघडलेही होते. पण गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की मी तोंड मिटले. तो दगड मंदाकडे गेला. ‘खारट.’ मंदाकडून पुढे. बारा जणांनी बारा वेळा तेच सांगितले. पुढच्या वर्षीच्या मुलांना चव घेण्याआधी आमचे पान मोठ्याने वाचून दाखवले गेले, त्यामुळे त्यांनाही दगड खारटच लागला. त्यांच्या पुढच्यांनाही. ज्या दगडाला कसलीच चव नाही, तो आमच्या शाळेने गुरुजी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी खारट ठरवला.

महाविद्यालयात भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी तसाच एक शंख टोक वर करून धरला, डावीकडचे तोंड दाखवले आणि ही गोड्या पाण्यातली गोगलगाय असे सहज सांगून ते पुढच्या नमुन्याकडे वळले. डाव्या वळणाचे शंख समुद्रातही अपवादाने मिळतात, पण ही जात ओळखीची होती. शंकेला जागा नव्हती. मी वसतिगृहात आले आणि गुरुजींना पत्र लिहिले. ते टाकले नाही. पुढे दर सुट्टीत गावी गेले, त्यांच्या पाया पडले, आणि दर वेळी त्यांनी विचारले, ‘तुह्या पोरायले आपला समुद्र सांगतं का नाई?’ मी होकाराची मान हलवत असे. त्या मानेचा मला आजही राग येतो.

त्यांचा मुलगा रत्नागिरीला नोकरीला लागला. या, समुद्र दाखवतो, असे तो वर्षानुवर्षे म्हणत राहिला. गुरुजींचे उत्तर ठरलेले होते : ‘माह्या शाळेमागं हाय. तिथं जाऊन काय नवं पाहू?’

फलकापासून मी थेट त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. त्यांची सून सुनंदा शेजारी लसूण सोलत होती. ती म्हाताऱ्या सासऱ्यासाठी गावी राहते, नवरा सणासुदीला येतो.

‘बस,’ गुरुजी म्हणाले. ‘फलक पाह्यला? किती चुका?’

‘एकच हाय गुरुजी. पन ते माही हाय.’

मी सांगितले. चिंच, पुडी, बोटे, सगळे. त्यांनी मधे अडवले नाही. वर्गातही ते कोणाला मधे अडवत नसत. पूर्ण चुकू देत.

‘पुडी कोनत्या खिशात होती?’

‘उजव्या.’

‘दगड कोनत्या हातानं धरला?’

‘उजव्याच.’

‘अन् मंदानं दुसरा घेतला का तोच?’

‘तोच. बाराई जनायनं तोच चाटला.’

गुरुजींनी डोळे मिटले. ‘दगड धुवाले पाह्यजे होता,’ ते म्हणाले. ‘दर पोराले येगळा, धुतलेला. हे माहं चुकलं. तुले कवा समजलं?’

‘त्याच वक्ती.’

‘अन् शंख गोड्या पान्याचे हायेत, हे?’

‘कॉलेजात.’

‘मंग काऊन नाई सांगतलं?’

या प्रश्नाची उत्तरे मी इतकी वर्षे तयार करत आले होते. त्यांतले एकही दिले नाही. ‘तुमचा चेहरा पाहून,’ मी म्हणाले.

‘चेहरा,’ गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण सुनंदाचे हात थांबले. ‘चेहरा कोनत्या रकान्यात लिवाचा होता? सांग ना. मी आखून देतो.’

मग त्यांनी वही मागवली. सुनंदाने ती ट्रंकेतून आणली; कापडी पुठ्ठा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्यांनी चव सोडून बाकीचे रकाने बोट ठेवून वाचले. रकाना एकदाही चुकला नाही.

‘अखंड. अखंड. फुटके शून्य. लहान-मोठे एकत्र.’ त्यांनी वर पाहिले. ‘लाटा असत्या तं फुटले असते. निवडल्या गेले असते. हे तं इथीच लिवलं हाय. मीच लिवलं. अन् मी एक शेवटचा रकाना धरून बसलो.’ मग त्यांनी विचारले, ‘मंजे आपल्या भागात समुद्र नव्हताच?’

‘होता ना गुरुजी. याहून लई जुना. तुमच्या ओट्याची फरशी त्याच्यातलीच हाय. खानीतला चुन्याचा दगड, तो बी. उथळ पान्यात चुना बसत गेला, थरावर थर.’

त्यांनी फरशीवर हात फिरवला. राखी, गुळगुळीत, कडेला पुस्तकासारखे पापुद्रे सुटलेली.

‘याच्यात शंख कुठी हाय?’

‘तवा शंखाचे जीवच झाले नव्हते.’

‘शंखाशिवाय समुद्र,’ गुरुजी म्हणाले. ‘माह्या वर्गात तुले शून्य मार्क भेटले असते.’

त्यांनी फरशीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि शाळेच्या दिशेने पाहिले. मला वाटले, मी एका माणसाकडून त्याचे एकमेव पाणी काढून घेतले. मंदा म्हणत होती तेच बरोबर होते, असेही वाटून गेले.

‘सुनंदा,’ ते अखेर म्हणाले, ‘त्याले फोन लाव. मनावं, मी येतो.’

‘रत्नागिरीले? बाबा, तीन साल झाले मी मनून राह्यली...’

‘तवा काम नव्हतं. आता हाय. चव मी सोता घेईन. या पोरायवर भरोसा नाई.’

सकाळी फलक नाल्याच्या पुलाशी उभा होता. गुरुजी सुनंदाच्या स्कूटीवर मागे बसून आले. त्यांच्या हातात लाकडी पट्टी होती. माझ्याकडून सगळे ऐकून मंदाने रात्रीच मार्ग काढला होता : पेंटर सगळ्यावर पांढरा हात मारेल आणि नव्याने लिहील, कोणाला काही कळायचे नाही.

‘पांढरं नाई माराचं,’ गुरुजी पेंटरला म्हणाले. ‘शाळेच्या दप्तरात चूक झाली तं काय करतेत? एक सरळ रेघ. खालचं अक्षर वाचता आलं पाह्यजे. वर दुरुस्ती, बाजूले सही.’

‘गुरुजी, खाडाखोड केलेला फलक कोनी लावते काय?’ मंदा काकुळतीला आली. ‘गाव हासन आपल्याले.’

‘हासू दे. पुसून टाकलं तं लोकायले वाटन, आपल्याले पह्यलेपासूनच मालूम होतं.’

त्यांनी पट्टी धरली आणि पेंटरने रेघ ओढली. ‘समुद्र होता’ या शब्दांवर एक, तिसऱ्या ओळीवर एक. वर लहान अक्षरांत ‘बोडी होती’ आले. समासात मी आद्याक्षरे घातली. ब्रश जाड होता, अक्षरे फेंदारली. मग गुरुजींनी ब्रश मंदापुढे धरला.

‘मी काऊन?’

‘तू बी चाटला होता.’

‘त्याच्यात माही काय गलती? दगड हिच्या हातचा, पुडी हिची,’ मंदा कुरकुरत राहिली आणि कुरकुरतच तिने सही केली. सर्वांत शेवटी गुरुजींनी केली, आणि पट्टी पुन्हा लावून रेघ सरळ आहे का ते पाहिले. मासा आणि लाटा तशाच राहिल्या. बोडीवर उसळणाऱ्या त्या लाटांकडे पाहून माझे डोके उठले होते, पण पेंटरचा निळा रंग संपला होता आणि गुरुजी म्हणाले की चित्राला रकाना नाही.

नारळ फुटायच्या आतच एक मोटरसायकल थांबली. कोरपन्याकडे निघालेले नवरा-बायको होते. बायकोने फलक वाचला आणि खोडलेली ओळ नवऱ्याला बोटाने दाखवली.

‘खारट हाय का नाई मंग?’ नवऱ्याने आम्हांला विचारले.

कोणी उत्तर देण्याआधी तो काठ उतरून गेला, राखी पट्ट्याखाली पडलेला एक तुकडा त्याने उचलला, पँटीला घासला आणि तोंडाजवळ नेला.

‘थांब,’ गुरुजी वरून म्हणाले. आवाज तोच होता, ज्या आवाजाला आमची अख्खी रांग जागच्या जागी थिजत असे. ‘पह्यले हात धू. मंग दगड.’

तो माणूस नाल्याच्या पाण्याशी वाकला.